भेळेचा कागद आणि तीन मिनिटांची तबकडी

नमस्कार,

'सध्या काय ऐकतेय' या माझ्या गेल्या आठवड्यातल्या नोंदीखाली तुम्ही 'एक जुना श्रोता' या नावानं प्रतिक्रिया लिहिलीत. वाचून आधी राग आला, मग चहा टाकला, मग परत वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. माझी नोंद म्हणजे वाण्याची यादी आहे. तीन-तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्या ऐकून ख्यालावर, म्हणजे सावकाश फुलवत नेायच्या शास्त्रीय गाण्यावर, बोलणं म्हणजे भेळेच्या पुडीचा कागद वाचून कादंबरी वाचली म्हणण्यातला प्रकार. पोळ्या लाटताना गाणं ऐकणं हा गाण्याचा अपमान. आणि यादीत हयात असलेला एकही गवई नाही. जाता जाता एक चूकही दाखवलीत.

चुकीपासूनच सुरुवात करते, कारण तिथे मला वाद घालायला जागाच नाही. किशोरीताई आमोणकरांच्या ज्या ध्वनिमुद्रणाला मी 'मालकंस' म्हटलं, तो 'संपूर्ण मालकंस' हा वेगळा राग आहे. मालकंसात रिषभ आणि पंचम (रे आणि प) वर्ज्य, संपूर्ण मालकंसात ते लागतात, हे मी गाण्याच्या पहिल्या-दुसऱ्या परीक्षेपासून पाठ केलेलं. पंचम मला ऐकूही येत होता. नुसता ऐकू येत नव्हता, चांगला खटकत होता. पण मी वापरते त्या ॲपवर नुसतं 'मालकंस' असं लिहिलेलं होतं, आणि मी कानाचं न ऐकता पाटीवरच्या अक्षरांचं ऐकलं. याची मला खरंच लाज वाटली. नोंदीत दुरुस्ती केली आहे.

आता भेळेचा कागद.

जुन्या पिढीतल्या गायिका केसरबाई केरकरांची नट कामोद रागाची तबकडी मी या महिन्यात किती वेळा ऐकली ते मोजलेलं नाही, पण चाळिसाच्या खाली नक्की नसेल. 'नेवर बाजो रे'. दहा इंची तबकडी, मिनिटाला 78 फेरे, एका बाजूला सव्वातीन मिनिटं फार तर. ज्या बाईंनी अल्लादियाखाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं तालीम घेतली, ज्या बैठकीत एकेक राग तासभर मांडत, त्यांना इथे घसा साफ करायलाही सवड नाही. सुई टेकली की मुखडा, म्हणजे बंदिशीची पहिली ओळ. मग त्या काय करतात? दोन रागांचा जोड आहे. नटाचं सा-रे, रे-ग, ग-म असं पायरी-पायरीनं चढणं, आणि कामोदाची रिषभावरून थेट पंचमावर झेप. मला हे दोन्ही वेगवेगळं कळतं. पण त्या एकातून दुसऱ्यात कुठे शिरतात तो सांधा काही केल्या सापडेना. पहिले दहा दिवस मी त्याच्याच मागे होते. प्रत्येक वेळी वाटायचं, आता पकडला. तोवर त्या आकारात तान घेऊन, दम न टाकता, परत मुखड्यावर आलेल्या असायच्या. दम कुठे घेतात हेही मला अजून कळलेलं नाही.

तासाभराच्या ख्यालात ही जागा येऊन गेली असती आणि मी 'वा' म्हणून पुढे गेले असते. तबकडी लहान आहे म्हणून ती परत परत लावता येते, आणि परत परत लावली की कान त्याच त्या जागेवर घासला जातो. तालमीला आपल्याकडे 'घोटून घेणं' म्हणतात ना? श्रोत्यालाही थोडं घोटावं लागतं, असं माझं मत झालंय.

तुमचं अर्धं म्हणणं मात्र मान्य. बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, तबकडीत नसते. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, एकेक स्वर उघडत जाणं, षड्जावरच पाच मिनिटं बसून राहणं, हे त्या सव्वातीन मिनिटांत कोंबता येत नाही, आणि कोणी कोंबायला जाऊही नये. तबकडी ऐकून 'मी केसरबाई ऐकल्या' असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. मी त्यांची तबकडी ऐकली, एवढंच. पण गदगच्या एका दुकानात अब्दुल करीमखाँसाहेबांची 'पिया बिन नाही आवत चैन' ही झिंझोटीतली तबकडी एका पोरानं ऐकली आणि पुढे असं गाणं शिकवणारा गुरू शोधायला तो घर सोडून पळाला. त्याचं नाव भीमसेन जोशी. ती तबकडीही तीन मिनिटांचीच होती. (केसरबाईंची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, हा मुद्दा मी मुद्दाम काढत नाही. तो सगळ्यांनी सांगून सांगून गुळगुळीत केलाय. शिवाय तिथे ऐकणार कोण?)

पोळ्यांबद्दल जरा सविस्तर बोलू द्या, कारण ते मला लागलं.

मी मिरजेची. शाळेत जायचा आमचा रस्ता सतारमेकर गल्लीतून. दुकानाच्या ओट्यावर तंबोरा आडवा घेऊन कारागीर जवारी काढत, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून तारेचा झंकार जुळवत, बसलेले असायचे. घोडीच्या पृष्ठभागावर कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, तारेखालचा धागा केसभर पुढे सरकवायचा, परत छेडायची. असं दिवसभर. मधेच गिऱ्हाइकाशी भावाची घासाघीस, मधेच पोराला हाक. पण तार बोलली की बोलता बोलता थांबायचे. तंबोरा कधी 'उघडला' ते त्यांना नेमकं कळायचं. आम्हाला दप्तर पाठीवर घेऊन उभं राहून काही कळायचं नाही, फक्त आवाज एकदम रुंद झाल्यासारखा वाटायचा. त्या माणसांचे हात कामात होते म्हणून त्यांचं ऐकणं कमी दर्जाचं, असं तुम्ही म्हणाल?

आणि दर्ग्यातला उरूस. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथे गाणं होतं, रात्र रात्र चालतं. आम्ही पोरं आईच्या मांडीवर झोपून ते ऐकलंय. ऐकलंय म्हणजे झोपेत कानावर पडलंय. तेही मोजायचं नसेल तर माझ्या खात्यात फारसं काही उरत नाही.

तर पोळ्या. सकाळी मी गवई मल्लिकार्जुन मन्सूर लावते, बहुतेक वेळा बिहागडा राग. (बिहागडा रात्रीचा, हे तुम्ही सांगण्याआधी मीच सांगते. माझी रात्र ऑफिसच्या मेलमध्ये जाते. सकाळी ऐकला तर त्याचा रंग थोडा उडतो, हेही खरं.) लाटणं उजव्या हातात, डाव्या हाताच्या पेरांवर अंगठ्यानं सोळा मात्रांचा तीनताल. मन्सूर आवर्तनाच्या, म्हणजे तालाच्या एका फेरीच्या, कुठल्या मात्रेवर उठतील त्याचा नेम नसतो. बोल मागे-पुढे सरकत राहतात, आपण मोजतोय त्याच्या आडून जातात, बाराव्या मात्रेच्या आसपास मला खात्री वाटते की आज मी चुकलेय, आणि तेवढ्यात ते समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, असतात. अगदी सहज, जणू दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं. त्या क्षणी माझं लाटणं थांबतं. तव्यावरची पोळी करपते. गेल्या मंगळवारी दोन करपल्या. मुलानं विचारलं तर म्हटलं, सम आली होती.

मैफलीत मी यापेक्षा जास्त लक्ष देते असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही. तिथे पुढच्या रांगेतल्या माणसाचा मोबाईल उजळतो, शेजारचे काका चुकीच्या मात्रेवर मान हलवतात आणि मी त्यांच्यावर चिडण्यात एक आवर्तन घालवते.

हयात कलाकारांबद्दल तुम्ही बोललात ते बरोबर आहे, आणि त्यावर माझ्याकडे सबब नाही. मेलेल्यांचं गाणं ऐकायला सोपं जातं. त्यांच्याबद्दल सगळ्यांचं मत ठरलेलं असतं, आपण चुकत नाही. हयात गवयाबद्दल आपलं मत आपल्यालाच बनवावं लागतं. म्हणून या महिन्यात उल्हास कशाळकर लावून घेतलेत. गजाननबुवा जोशींकडची तालीम. ग्वाल्हेर, जयपूर आणि आग्रा या तिन्ही घराण्यांच्या गायकीचं पाणी त्या गळ्यात आहे. नट कामोदात जो सांधा मी शोधत होते तसलाच शोध इथे घराण्यांचा घेता येतो. सध्या मला ग्वाल्हेर लगेच कळतं, आग्रा बोल-अंगात, म्हणजे शब्द लयीशी खेळवण्यात, थोडं कळतं, आणि जयपूर आलं असं वाटेपर्यंत ते निघून गेलेलं असतं. अश्विनी भिडे-देशपांडे आणि धारवाडचे व्यंकटेशकुमारही रांगेत आहेत. पुढच्या नोंदीत लिहीन. यादीच असेल, आधीच सांगते. पण वाण्याची यादीही घरात काय शिजतंय ते सांगतेच की.

शेवटचं. तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य आहे: 'आम्ही मन्सूरांना समोर बसून ऐकलंय.' एवढं लिहून तुम्ही पुढे माझ्या चुकांकडे वळलात. अहो, हे कसं चालेल? कोणता राग होता? किती वाजता सुरू केला? पेटीवर कोण होतं, की सारंगी होती? विडी खाली ठेवून ते कसे बसले? मला हे सगळं हवंय. तुम्ही सवडीनं लिहून पाठवा, मी इथे जसंच्या तसं छापते, वर तुमचं नाव घालून. रागाच्या नावात चूक सापडली तर मात्र खाली प्रतिक्रिया लिहीन.