टाचेची मर्जी

टाच दुखणाऱ्या माणसाला सहानुभूती मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हात मोडला की प्लास्टर असतं, ताप आला की थर्मामीटर साक्षीला उभा राहतो. टाचेपाशी दाखवायला काहीच नसतं. सूज नाही, लाली नाही, साधा ओरखडाही नाही. त्यातून हे दुखणं अत्यंत लबाड. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला जी कळ येते ती तळपायातून निघून थेट मस्तकात पोचते. माणूस भिंत, कपाट, दाराची चौकट, जे हाताला लागेल ते धरत न्हाणीघर गाठतो. पण थोडी पावलं टाकली की कळ ओसरते, आणि घरातली मंडळी डोळे चोळत उठेपर्यंत पेशंट बऱ्यापैकी चालत असतो. ‘अगं, मघाशी लंगडत होता ना हा?’ या वाक्यातला संशय टाचेपेक्षा जास्त बोचतो. तासभर खुर्चीत बसून उठलं की हाच प्रयोग पुन्हा, आणि दिवसभर उभं राहिलं की रात्री आणखी एक खास खेळ.

या सगळ्यामागचा सूत्रधार म्हणजे तळपायातला एक जाड, चिवट पट्टा, प्लांटर फॅशिया. टाचेच्या हाडाच्या खालून, जरा आतल्या बाजूने, तो निघतो आणि पंख्यासारखा पसरत बोटांच्या मुळाशी जातो. पाऊल उचलताना बोटं वर वळली की विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळावा तसा हा पट्टा बोटांच्या सांध्यांभोवती ओढला जातो, तळव्याची कमान उचलली जाते आणि पाऊल ताठ होतं. ही यंत्रणा हिक्स नावाच्या संशोधकाने १९५४ साली मांडली. रात्री झोपेत आपलं पाऊल खाली लोंबतं, पट्टा तासन्‌तास आखडून पडतो आणि सकाळी आपण त्याच्यावर एकदम सगळं वजन टाकतो. तो ओरडला तर त्याचं चुकलं काय?

डॉक्टर या दुखण्याला प्लांटर फॅसिआयटिस, म्हणजे या पट्ट्याचा दाह, म्हणतात आणि नाव ऐकून आपण दाह कमी करणाऱ्या गोळ्यांच्या मागे लागतो. पण २००३ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या पट्ट्याच्या ५० नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यात दाहापेक्षा झीजच दिसली. गोळीने चार दिवस बरं वाटतं, पण झिजलेला पट्टा गोळीने विणला जात नाही. त्याला हळूहळू, मोजून-मापून ताण द्यावा लागतो.

एक्स-रेमध्ये टाचेखाली हाडाचं टोक दिसलं की घरात सुतक पडल्यासारखं होतं. ‘हाड वाढलंय’ हे दोन शब्द ऐकल्यावर प्रत्येक पावलाला खिळा रुतल्याचा भास सुरू होतो. खरं तर असं टोक टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या पायात निवांत नांदत असतं. दुखणं गेल्यावरही ते तिथेच राहतं. तेव्हा त्या टोकाला उगाच आरोपी करू नये.

सल्लागारांचा मात्र तुटवडा नाही. एक म्हणतो, अनवाणी चाल, पाय मजबूत होतात. दुसरा म्हणतो, अनवाणी पाऊल टाकू नकोस. आठवड्याने नीट ऐकलं तर दोन्ही सल्ले एकाच माणसाचे निघतात.

आता कामाचं बोलू. माझ्या मते सगळ्यात मोलाचा व्यायाम तो, जो पलंगावरून उतरण्याआधी होतो. बसल्या बसल्या दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा घ्यायचा. (पोट मध्ये आलं तर पाय थोडा खाली, नडगीवर ठेवला तरी चालतो; टाच याबाबतीत टोमणे मारत नाही.) त्याच बाजूच्या हाताने पाचही बोटं मुळापाशी धरायची आणि घोटा वाकवत बोटं नडगीच्या दिशेने मागे ओढायची. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपायचा. कमानीत पट्टा तारेसारखा ताठ लागला तर ओढ बरोबर बसली. १० सेकंद धरायचं, सोडायचं, असं १० वेळा. दिवसातून तीनदा. त्यातली पहिली खेप पहिल्या पावलाच्या आधी, दुसरी बराच वेळ बसून उठण्यापूर्वी आणि तिसरी सोयीने.

इथे लोक चुकतात ते असं: फक्त बोटांची टोकं वाकवतात, त्यामुळे बोटांचे सांधे दुखतात आणि पट्टा शांत झोपून राहतो. किंवा घोटा सैल सोडतात. किंवा १० सेकंद इतक्या वेगाने मोजतात की चार सेकंदांत उरकतं. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे आधी न्हाणीघरात जाऊन येऊन मग व्यायामाला बसणं. तोवर पट्ट्याला बसायचा तो हिसका बसून गेलेला असतो. मूत्राशय आणि टाच यांच्यात पहाटे जो वाद होतो त्यात टाचेची बाजू घेणं कठीण आहे, हे मान्य. अशा वेळी निदान चार ओढी तरी घ्याव्यात.

दुसरा आरोपी वरच्या मजल्यावर राहतो. पोटरी आखडली की घोटा पुरेसा वाकत नाही आणि ती कसर तळव्याची कमान दबून भरून काढते. म्हणून भिंतीला हात टेकवून, दुखरा पाय मागे ठेवून पोटरी ताणायची. एकदा मागचा गुडघा सरळ ठेवून, म्हणजे पोटरीचा वरचा मोठा स्नायू ताणला जातो. मग तोच गुडघा किंचित वाकवून, म्हणजे त्याच्या आतला दुसरा. प्रत्येकी ३० सेकंद, तीन-तीन वेळा. मागच्या पावलाची बोटं नाकासमोर हवीत. पाऊल बाहेर फिरवलं की ताण मिळाल्याचं समाधान मिळतं, ताण मिळत नाही. टाच जमिनीवरून उचलली गेली तर सगळी मेहनत भिंतीला ढकलण्यात गेली, आणि भिंत सरकण्याची शक्यता कमी.

एवढ्यावर भागत नसेल तर ताकदीचा व्यायाम. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून उभं राहायचं, टाच बाहेर मोकळी, आणि बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, जेणेकरून बोटं वर वळलेली राहतील. ही गुंडाळीच यातली खरी मेख; तिच्यामुळे पट्ट्यावर ताण येतो, नाहीतर नुसती पोटरी कमावली जाते. कठड्याला धरून दुखऱ्या एका पायावर वर चढायला ३ सेकंद, वर थांबायला २, उतरायला ३. सुरुवातीला तेराव्यांदा जमणार नाही अशा बेताने १२ वेळा, असे तीन फेरे. दोन आठवड्यांनी पाठीवरच्या पिशवीत पुस्तकं भरून वजन वाढवायचं, १० वेळा आणि चार फेरे. आणखी दोन आठवड्यांनी ८ वेळा, पाच फेरे. एका पायावर झेपत नसेल तर आधी दोन्हींवर. हे एक दिवसाआड करायचं, रोज नाही. ज्या अभ्यासात हे वेळापत्रक तपासलं गेलं, त्यात तीन महिन्यांनी या मंडळींनी नुसतं ताणणाऱ्यांना मागे टाकलं होतं. वर्षअखेरीस दोन्ही गट बरोबरीत आले. म्हणजे घाई असेल त्याने पुस्तकं उचलावीत. पाठीवर पिशवी, बोटांखाली टॉवेल आणि जिन्यात एका पायावर उभा माणूस पाहून शेजाऱ्यांना काय वाटतं, याची नोंद अभ्यासात नाही.

मग येतात बूट. या विषयावर माझी मतं टोकाची आहेत. दुकानात देखणा दिसणारा बूट हातात घेऊन तीन गोष्टी कराव्यात, विक्रेता काहीही म्हणो. एक, टाचेमागची वाटी अंगठ्याने दाबून पाहावी. ती सहज चेपली तर बूट परत ठेवावा. दोन, पुढचं टोक आणि टाच धरून बूट वाकवावा. तो चवड्यापाशी, बोटं जिथे वाकतात तिथे वाकला पाहिजे. मध्येच घडी पडली तर कमानीला आधार शून्य. तीन, ओला कपडा पिळतात तशी हालचाल करून पाहावी; बूट पिळला गेला तर तुमचं पाऊलही आत तसंच पिळणार. या परीक्षेला बसवल्यावर दुकानातले बहुतेक सुंदर बूट नापास होतात, आणि पास होतात ते पाहून मन खिन्न होतं. पण चालायचं टाचेला आहे, पाहायचं लोकांना.

मऊपणाला भुलू नये. पाय घातल्या घातल्या ढगावर उभं राहिल्यासारखं वाटणारा तळ पाऊल डुगडुगतं ठेवतो आणि काही आठवड्यांत तो ढग बसतो. अगदी सपाट चपलाही नकोत. टाच चवड्यापेक्षा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर उंच असली की पोटरीची ओढ कमी होते. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय फुगतात. दोन्ही पावलं उभं राहून मोजावीत, मोठ्या पावलाचं माप घ्यावं आणि लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा सोडावी. मोजे तेच घालावेत जे रोज घालणार. बूट चढवल्यावर टाच मागे ठोकून वाटीत बसवावी आणि मग नाडी बांधावी. बहुतेक लोक नाडी बांधलेल्याच बुटात पाय घुसवतात आणि ती मागची वाटी चेंगरून स्वतःच निकामी करतात. त्यानंतर बूट वाईट निघाला म्हणून फिरतात.

आतल्या इनसोलचं म्हणाल तर आधी तयार मिळणारे घ्यावेत. साचा काढून बनवलेले इनसोल आपली खास शान दाखवतात, पण १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ताणाच्या व्यायामासोबत तयार इनसोल वापरणाऱ्यांपैकी, साच्याचे वापरणाऱ्यांपेक्षा जास्त टक्के लोकांना आराम पडला. बसवताना बुटातला जुना थर आधी काढायचा. त्याच्यावरच नवा ठेवला की टाच वाटीच्या वर निघते आणि बूट पाऊलभर घट्ट होतो. जुना थर नव्यावर ठेवून आखून घ्यायचा आणि कात्री फक्त बोटांच्या बाजूला चालवायची. टाचेकडून कापलं तर कमानीचा उंचवटा भलत्याच ठिकाणी येतो. एक टाच दुखत असली तरी दोन्ही बुटांत घालायचे, नाहीतर एक पाय उंच होऊन कंबर तक्रार घेऊन येते. पहिल्या दिवशी तास-दोन तास, मग हळूहळू वाढवायचं.

बाहेर इतका बंदोबस्त करून माणूस घरी येतो आणि कडक फरशीवर अनवाणी तासभर उभा राहतो. सगळं मुसळ केरात. घरात वापरायला आधार असलेली वेगळी चप्पल ठेवावी, आणि ती पलंगाच्या अगदी कडेला, म्हणजे सकाळचं पहिलं पाऊल तिच्यातच पडेल. ती रात्री कुणीतरी पायाने पलंगाखाली सरकवतं. कोण, ते कधीच कळत नाही.

बर्फाच्या बाटलीवर तळवा फिरवण्याने १०-१५ मिनिटं बरं वाटतं, मोजा घालून करावं. ज्यांना मधुमेहामुळे पायाला संवेदना कमी आहे त्यांनी बर्फाच्या वाटेला जाऊ नये. रात्री पाऊल काटकोनात धरणारा, बाहेरून बांधायचा आधार काम करतो, पण बरेच लोक तो झोपेत काढून फेकतात. स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. त्याने पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो, म्हणून ते पहिल्या भेटीत हट्टाने मागू नये.

आणि प्रत्येक टाचदुखी हीच असते असं नाही. टाचेच्या बरोबर मध्यभागी, मुका मार बसल्यासारखं दुखत असेल तर ती गादी झिजलेली असू शकते. तिला ताणून उपयोग नाही, बुटात टाचेखाली मऊ वाटी हवी. जळजळ, मुंग्या, बधिरपणा असेल तर नस दबलेली असू शकते. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत दाबल्यावर जोरात दुखली आणि चालल्यावर दुखणं वाढतच गेलं तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. चालता चालता ‘फट्’ असा आवाज होऊन निळसर डाग उठला, किंवा तरुण वयात दोन्ही टाचा आणि सकाळी कंबरही आखडत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं.

बहुतेकांचं दुखणं शस्त्रक्रियेशिवायच जातं, पण सहा महिने ते वर्ष लागू शकतं. दहा दिवसांत गुण नाही म्हणून व्यायाम बदलणारे आणि दोन दिवस बरं वाटलं म्हणून डोंगर चढायला जाणारे, दोघेही पुन्हा भिंत धरून न्हाणीघराकडे निघालेले दिसतात. चालणं वाढवताना एक नियम पाळायचा: दुखणं दहापैकी तीन गुणांपर्यंत असलं तर चालू ठेवायचं, मात्र दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाऊल नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर कालचं अंतर जास्त झालं समजून तेवढं कमी करायचं. निकाल सकाळीच लागतो, आणि फेरतपासणीचा अर्ज टाच स्वीकारत नाही.