ताप 'मेंदूत चढतो' का? मुलांच्या तापावरच्या त्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

"मुलाचा ताप 102 च्या वर गेला की तो मेंदूत चढतो. लगेच बर्फाच्या पाण्याने अंग पुसा, दर दोन तासांनी औषध पाजा. झटका आला तर दातांत चमचा धरा. ताप उतरला की धोका टळला." हा संदेश घरोघरच्या ग्रुपवर फिरतो आहे. यातलं एकही वाक्य धड नाही.

'ताप मेंदूत चढतो.' ताप चढतो तोच मेंदूच्या हुकमावरून. संसर्ग झाला की मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीराचं तापमान मुद्दाम वर नेतो आणि एका मर्यादेवर धरूनही ठेवतो. तापमानामुळेच मेंदूला इजा होण्याची भीती साधारण 107.6 फॅरनहाइटच्या (42 सेल्सिअस) पुढे असते. संसर्गाचा ताप सहसा तिथवर जात नाही. बंद गाडीत अडकलेल्या मुलाची गोष्ट निराळी. तो उष्माघात, त्यात हा लगामच सुटलेला असतो आणि अंग ताबडतोब थंड करावं लागतं.

'बर्फाच्या पाण्याने पुसा.' गार पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, मूल कुडकुडतं आणि कुडकुडण्याने उष्णता उलट वाढते. स्पिरिट तर लावूच नका, ते त्वचेतून आणि श्वासातून अंगात भिनतं. अंगावर एक पातळ कपडा ठेवा आणि थोडंथोडं पाणी पाजत राहा.

'दर दोन तासांनी औषध.' सगळ्यात घातक सल्ला हाच. पॅरासिटामॉलचा एक डोस वजनाच्या दर किलोला 15 मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान 4 ते 6 तासांचं अंतर, आणि 24 तासांत 4 पेक्षा जास्त डोस नाहीत. पुढे गेलात तर यकृतावर बेततं.

खरी चूक मोजमापात होते. 10 किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम लागतं. 5 मिलीत 250 मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर 3 मिली, 5 मिलीत 120 असेल तर सव्वासहा मिली. थेंबांच्या बाटलीत बहुधा 1 मिलीतच 100 मिलिग्रॅम असतं, म्हणजे दीड मिली पुरे. सिरपच्या सवयीने थेंब 3 मिली पाजले की डोस थेट दुप्पट! म्हणून लेबलवरचा आकडा दर वेळी वाचा. स्वयंपाकघरातला चमचा नको, सिरिंज किंवा मापाची टोपी घ्या. सर्दीच्या मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असू शकतं, तेही हिशेबात धरा. मुलांना ॲस्पिरिन स्वतःहून कधीच देऊ नका. डेंग्यूचा संशय असेल तर आयबुप्रोफेनही नको, रक्तस्राव वाढू शकतो.

आणि थर्मामीटरवरचा आकडा खाली यावा म्हणून झोपलेल्या मुलाला उठवून औषध पाजायची गरज नाही. औषध असतं ते मुलाला बरं वाटावं म्हणून.

'दातांत चमचा धरा.' तापाचे झटके 6 महिने ते 5 वर्षांच्या वयात, 100 पैकी 2 ते 5 मुलांना येतात. दिसतात भयंकर, पण बहुतेक 5 मिनिटांच्या आत थांबतात आणि मेंदूवर मागे काही ठेवून जात नाहीत. जीभ गिळली जात नाही. चमच्याने दात मात्र तुटतात, श्वासही अडकू शकतो. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा. 5 मिनिटं उलटली तर रुग्णवाहिका बोलवा. पहिलाच झटका असेल तर तो थांबल्यावरही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

'ताप उतरला की धोका टळला.' डेंग्यूत नेमकं उलटं घडतं: 3 ते 7 दिवसांनी ताप उतरत असतानाच रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरायला लागतो. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं यांपैकी काहीही दिसलं तर ताप नसला तरी रुग्णालय गाठा.

एरवीही आकड्यापेक्षा मुलाकडे बघा. पाणी पीत नाही, हाक मारली तरी धड जागं होत नाही, मान ताठ झाली आहे, पुरळावर काचेचा पेला दाबला तरी डाग फिके पडत नाहीत: यांत वाट बघायची नाही. मूल शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. 2 ते 12 महिन्यांच्या बाळाचे 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले तर न्यूमोनियाची शंका घ्या. 3 महिन्यांखालच्या बाळाला मात्र 100.4 फॅरनहाइट ताप आला की घरी औषध पाजत बसू नका, त्याच तासाला निघा.