आजीची अकरा मुलं मोजा, मग बोला

परवा रात्री अकराला धाकट्या बहिणीचा मेसेज आला, 'ताई, उद्याची लस पुढे ढकलू का गं?' खाली तो फॉरवर्ड. मला तो आधी चार ग्रुपांवर आला होता आणि चारही वेळा मी दुर्लक्ष केलं, याची आता लाज वाटते. तिची मुलगी साडेतीन महिन्यांची आहे.

मेसेजचं म्हणणं असं, की समाज दिवसेंदिवस बिघडत चाललाय. पूर्वी माणसं सचोटीची होती, गुन्हे नव्हते, घटस्फोट नव्हते, हवापाणी शुद्ध होतं आणि 'आपल्या आज्यांनी दहा-दहा मुलं लसीविना, डॉक्टरांविना ठणठणीत वाढवली'.

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण त्याने जीव जाऊ शकतो.

आमच्या आजीची अकरा बाळंतपणं झाली. जगली पाच मुलं. गेलेल्या सहांपैकी दोघांची नावंही ठेवून झाली नव्हती. एक मुलगी डांग्या खोकल्याने गेली. उबळ आली की तिचे ओठ निळे पडायचे आणि आजी रात्र रात्र तिला खांद्यावर उभी धरून बसायची. हे आजीने आईला आयुष्यात एकदाच सांगितलं. तिच्या पाच मुलांकडे पाहिलं तर मेसेज खरा वाटतो. अकरा मोजली की त्यात काही उरत नाही.

आणि हे काही आमच्याच घरचं नाही. जुन्या काळात जगात कुठेही साधारण निम्मी मुलं मोठी होण्याआधीच जायची. गोवराची लस १९६३ मध्ये आली. त्याआधी, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, गोवराने वर्षाला २६ लाख माणसं मरत. देवीची लागण झालेल्या दहांतले तिघं जायचे. तिचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला आणि १९८० मध्ये रोग संपल्याचं जाहीर झालं. फार मागेही जायला नको. १९९० मध्ये जगात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी ९३ पाच वर्षांची होण्याआधी दगावत, २०२२ मध्ये ३७. याला बिघडणं म्हणायचं? सगळं श्रेय लसींचं नाही, कबूल. पोटभर अन्न, स्वच्छ पाणी, शिकलेल्या आया यांचाही त्यात वाटा आहे. पण त्यातलं काय त्या 'पूर्वी'च्या काळात सगळ्यांना मिळत होतं?

पाणी शुद्ध होतं म्हणे. १८५४ मध्ये लंडनच्या एका वस्तीत एकाच सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून कॉलरा पसरला आणि सहाशेच्या वर माणसं मेली. घटस्फोट नव्हते, कारण बाईला जायला जागा नव्हती. इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्यापर्यंत बायकोने कमावलेली मजुरीसुद्धा कायद्याने नवऱ्याची होती. गुन्ह्यांचं म्हणाल, तर मध्ययुगीन युरोपात खुनांचं प्रमाण आजच्या कितीतरी पट होतं.

राहिली सचोटी. मास्ट्रोयानी आणि गिल्बर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी याच प्रश्नावरचा अभ्यास २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये छापला. त्यांनी १९४९ पासूनची सर्वेक्षणं तपासली. किमान साठ देशांतले लोक सांगतात की नीतिमत्ता घसरतेय. पण त्याच लोकांना 'सध्या तुमच्या आसपासची माणसं कशी वागतात' असं विचारलं, तर उत्तरं वर्षानुवर्षं जवळपास तीच. म्हणजे मेसेजवाल्याचा सुवर्णकाळ जे प्रत्यक्ष जगले, तेही तेव्हा 'काळ बिघडला' असंच म्हणत होते!

हवेचा मुद्दा मात्र नाइलाजाने अर्धा मान्य करते. कारखानदारीच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० भाग होते, आता ४२० च्या वर आहेत. हे बिघडलंय आणि आपणच बिघडवलंय. पण म्हणून तान्ह्या मुलीची लस चुकवायची?

बहिणीला रात्रीच फोन केला. आजीच्या त्या मुलीबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं. काल दुपारी लसीकरणाच्या कार्डाचा फोटो आला, तिसऱ्या डोससमोर तारीख पडली होती. बाळाला रात्री थोडा ताप आला, सकाळी उतरला.

तो मेसेज बहिणीला पाठवला होता मोठ्या मावशीने. मावशी त्या पाचांतली एक. संध्याकाळी तिच्याकडे जाऊन हे सगळं तिला वाचून दाखवणार आहे.