सॅलिस्बरीचे वाकलेले खांब

इंग्लंडला जाणारे आपले बहुतेक लोक स्टोनहेंज बघतात आणि तिथूनच परत फिरतात. तिथून जेमतेम पंधरा किलोमीटरवर सॅलिस्बरीचं कॅथीड्रल आहे. ते चुकवू नका, हे अगदी कळकळीनं सांगतोय. आवारात शिरल्यावर माना आपोआप वर जातात, आणि जायलाच हव्यात, कारण 123 मीटरचं ते शिखर ब्रिटनमधल्या सगळ्या चर्चशिखरांत उंच आहे. पण आत बरोबर मधोमध, मनोऱ्याखाली, दोन मिनिटं थांबा आणि चार कोपऱ्यांतल्या मोठ्या खांबांकडे खालून वर नजर टाका. ते सरळ नाहीत. नुसत्या डोळ्यांना कळावं इतके वाकलेत.

मुख्य इमारत 1220 ते 1258 या काळात उभी राहिली. मनोरा आणि शिखर नंतर चढवलं गेलं, म्हणजे तयार खांबांवर साडेसहा हजार टनांच्या आसपास जादा भार आला. पाया किती खोल? जेमतेम सव्वा मीटर. खाली नदीकाठची घट्ट खडी लागली आणि गवंड्यांनी तिथेच खोदाई थांबवली. त्यांचा अंदाज बरोबर होता. ती खडी पाण्यानं भरलेली आहे तोवर भार पेलते. म्हणून आजही फरशीतल्या एका झाकणातून काठी सोडून भूजलाची पातळी बघतात.

शिखर झुकलंय. 1668 मध्ये वास्तुविशारद क्रिस्टोफर रेननं पाहणी केली, तेव्हा टोक सुमारे 70 सेंटीमीटर कललेलं निघालं. वाकणाऱ्या खांबांना आधार म्हणून रेनच्या आधीच, मध्ययुगात, मध्ये आडव्या कमानी घातल्या होत्या; मनोऱ्याला लोखंडी पट्टेही बांधले. सात-साडेसातशे वर्षं एवढं दगडी काम हलतंय, दबतंय, तरी उभं आहे. माझ्या मते याचं मोठं श्रेय चुन्याला जातं.

चुनखडी साधारण 900 अंशांवर भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवायचा आणि एक भाग चुन्याला अडीच-तीन भाग कडक, टोकदार वाळू घालून मळायचा. हा मसाला हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत बाहेरून आत, अगदी सावकाश घट्ट होतो. जाड भिंतीच्या गाभ्यात तर वर्षानुवर्षं. तोवर इमारत बसत जाते आणि सांधे तिच्याबरोबर थोडे सरकतात. बारीक चीर पडली तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना तिच्यात पुन्हा साकळतो.

दुसरा गुण याहून मोठा. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. भिंतीतला ओलावा सांध्यातून बाहेर पडतो, क्षारही तिथेच फुलतात, आणि झिजतो तो सांधा. शंभरेक वर्षांनी तो खरवडून पुन्हा भरायचा, दगड शाबूत.

विसाव्या शतकात युरोपात असंख्य जुन्या भिंतींच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटनं भरल्या गेल्या. सिमेंट मऊ चुनखडीपेक्षा कठीण आणि जवळपास बंद. मग पाणी दगडातूनच वाट काढतं, क्षार दगडाच्या पृष्ठभागामागे जमतात, थंडीत पाणी गोठून फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

आता हे काढणं म्हणजे फार जिकिरीचं काम. ग्राइंडर लावला की दगडाची कड गेलीच, म्हणून हातोडी-छिन्नीनंच काढायचं. दरज रुंदीच्या किमान दुप्पट खोल मोकळी करायची, धुवायची, भिंत ओलावायची, मसाला थराथरानं दाबून भरायचा. थोडा आळला की ताठ ब्रशनं थोपटायचा आणि आठवडाभर ओलं गोणपाट टांगून ठेवायचं. पाच अंशांखालच्या थंडीत हे काम करायचंच नाही. घाईनं वाळला तर चुना धरत नाही, नुसती भुकटी होते.

‘पूर्वीचं सगळंच पक्कं’ हे मात्र मला पटत नाही. फ्रान्समध्ये बोव्हे इथल्या कॅथीड्रलला 48 मीटर उंच छत उभारलं, ते 1284 मध्ये कोसळलं. तिथलाच मनोरा 1573 मध्ये पडला. इंग्लंडमधल्याच ईली कॅथीड्रलचा मधला मनोरा 1322 मध्ये खाली आला. आपण बघतो ते टिकलेलं आणि सतत सांभाळलेलं. सॅलिस्बरीचे स्वतःचे पाथरवट आहेत. झिजलेला दगड काढून नवा बसवताना खाणीत त्याचे थर जसे आडवे होते तसेच भिंतीत ठेवतात. थर उभा करून दर्शनी बाजूला आणला तर दगड वहीच्या पानांसारखा सुटत जातो.

लाकडातही तेच शहाणपण. नॉर्वेत बोर्गुंडचं लाकडी चर्च बाराव्या शतकाच्या शेवटचं आहे. त्याआधीच्या चर्चचे खांब जमिनीत पुरलेले असत, ते बुडाशी कुजत. इथे दगडी जोत्यावर आडव्या तुळया ठेवून त्यांवर खांब उभे केले, आणि बाहेरून पाइनच्या डांबराचा लेप दर काही वर्षांनी देत राहिले. लेप थांबला की लाकूड उघडं पडतं.

आपल्या किल्ल्यांवर चुन्याच्या घाण्यात, म्हणजे फिरत्या दगडी चाकाखाली, मळलेला चुना होता. काळा कातळ सिमेंटनं लवकर झिजत नाही, पण दरजा बंद झाल्या की पावसाळ्याचं पाणी भिंतीच्या पोटात साठतं, आतला भराव धुपतो आणि तट फुगतो. तिथेही सिमेंट नकोच.

पुढच्या प्रवासात कुठल्याही जुन्या भिंतीजवळ गेलात की हातभर अंतरावरून सांधा बघा. सांधा किंचित आत गेलेला आणि दगडाची कड जागच्या जागी असेल, तर तिथे चुना आहे. राखाडी सांधा जाळीसारखा पुढे उभा आणि मधले दगड खोलगट झालेले दिसले, तर तिथे सिमेंट भरलेलं आहे.