‘तसाही विकत घेतला नसता’ या हिशेबातली चूक

गेमिंगच्या गटांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. थोडक्यात तो असा : पायरसी म्हणजे चोरी नव्हे, कारण कुणाचं काही कमी होत नाही. जो क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली फुकट प्रत, उतरवतो तो तसाही विकत घेणार नव्हता. युरोपियन युनियनच्या अभ्यासानेच पायरसी निर्दोष ठरवली आहे. गेम बनवणाऱ्या छोट्या डेव्हलपरला तर उलट फुकट जाहिरात मिळते, म्हणून काही जण स्वतःच टोरंट (फुकट प्रत उतरवायची फाइल) टाकतात. आणि विकत घेऊनही मालकी मिळत नसेल, तर फुकट घेण्यात चूक काय?

यातली काही वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणूनच ती एकेक करून तपासायला हवीत. मी स्वतः सायबर कॅफेतल्या क्रॅक गेमांवर वाढलो आहे, त्यामुळे हा मजकूर लिहिणाऱ्यांना मी चोर म्हणून हिणवणार नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्याची किंमत सर्वांत दुबळा माणूस मोजतो, असं मला मनापासून वाटतं.

‘कुणाचं काही कमी होत नाही.’ चोरी या शब्दावर मी भांडणार नाही. आपला 1957चा कॉपीराइट कायदाही त्याला हक्कभंग म्हणतो. मात्र त्याच कायद्यातलं कलम 63ब, संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही गुन्हेगार धरतं, फक्त विकणाऱ्याला नाही. कमाईसाठी वापर नसेल तर न्यायालय तुरुंगवास टाळून केवळ दंड करू शकतं, इतकाच फरक.

खरा घोळ ‘प्रत’ या शब्दात आहे. दुसरी प्रत फुकट निघते, पहिलीला वर्षं लागतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा ‘राजी’ हा गेम घ्या. 2017मध्ये लोकवर्गणी जमवण्याची त्यांची किकस्टार्टर मोहीम फसली, संस्थापकांपैकी एकीने स्वतःचं घर विकून काम चालू ठेवलं आणि गेम आला 2020 साली. मधल्या सगळ्या वर्षांचा खर्च पुढे विकल्या जाणाऱ्या प्रतींतूनच वसूल व्हायचा असतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात 300 रुपयांना विकलेल्या गेमचं गणित बघा : 18 टक्के जीएसटी वजा जाता उरतात 254, त्यातून दुकानाचे 30 टक्के गेले की सुमारे 178. प्रकाशक असेल तर त्याचा वाटा वेगळाच.

‘तसाही विकत घेतला नसता.’ या वाक्याला आधार नाही असं नाही. 2008मध्ये ‘वर्ल्ड ऑफ गू’ काढणाऱ्या टूडी बॉय या दोघांच्या स्टुडिओने आपल्या गेमच्या प्रतींपैकी 80 ते 90 टक्के चोरट्या असल्याचं मोजलं होतं. त्याच वेळी रिफ्लेक्सिव्ह या कंपनीच्या अनुभवाचा दाखला देऊन त्यांनी सांगितलं, की हजार चोरट्या प्रती रोखल्या तर विक्री साधारण एकाने वाढते. म्हणजे प्रत्येक डाउनलोड हा बुडालेला ग्राहक नसतो, हे मान्य.

पण ‘प्रत्येक नाही’ यावरून ‘एकही नाही’ कसं निघतं?

एप्रिल 2013मध्ये ग्रीनहार्ट गेम्स या दोन भावांच्या स्टुडिओने ‘गेम डेव्ह टायकून’ बाजारात आणला आणि त्याची एक क्रॅक केलेली प्रत स्वतःच टोरंटवर सोडली. पहिल्या दिवसाअखेर खरी प्रत खेळणारे होते 214 आणि क्रॅकवाले 3,104, म्हणजे 93.6 टक्के. त्या प्रतीत एक बदल होता : खेळाडूने उभारलेली गेम कंपनी पायरसीमुळे हळूहळू दिवाळखोरीत जायची. काही खेळाडू चक्क तक्रार करू लागले, की आमचे गेम लोक चोरतात, यावर काही उपाय शोधता येतो का?

आता त्या 3,104 जणांवर आपण हिशेब करू. हजारात एकच जण घेणार होता असं धरलं तर तोटा तीन प्रतींचा. शंभरात एक धरला तर 31, आणि विसात एक धरला तर 155. मोठ्या कंपनीच्या वहीत 155 प्रती दिसणारही नाहीत. इथे मात्र 214चे 369 झाले असते, पावणेदोन पटीच्या आसपास. तोच आकडा एका घरी किरकोळ आणि दुसऱ्या घरी पुढच्या महिन्याचं भाडं ठरतो.

शिवाय काळाचा प्रश्न आहे. बेकायदा प्रत निघू नये म्हणून लावलं जाणारं डेनुवो हे सॉफ्टवेअर-कुलूप वापरणाऱ्या 86 गेमांवरचा विल्यम वोल्कमन यांचा शोधनिबंध 2024मध्ये आला. कुलूप पहिल्याच आठवड्यात फुटलं तर उत्पन्न सरासरी सुमारे 20 टक्क्यांनी घटतं, बारा आठवड्यांनंतर फुटलं तर जवळपास काहीच फरक पडत नाही, असं त्यांना दिसलं. म्हणजे ‘तसाही घेणार नव्हतो’ म्हणणाऱ्यांतले काही जण, दुसरा रस्ता बंद असला की घेतात. डेनुवो महाग असल्याने ते बहुतेक मोठेच वापरतात. दोघाचौघांच्या स्टुडिओला ते पहिले आठवडे सांभाळायला कुठलंच कुलूप परवडत नाही.

‘युरोपियन युनियनच्या अभ्यासाने सिद्ध झालंय.’ युनियनसाठी इकोरिस या संस्थेने केलेला हा अहवाल 2015मध्ये तयार झाला आणि 2017मध्ये लोकांसमोर आला. सहा देशांतल्या जवळपास 30,000 लोकांची पाहणी त्यात होती. पायरसीमुळे विक्री घटते याचा भक्कम सांख्यिकी पुरावा मिळाला नाही, असं तो म्हणतो. नव्या गाजलेल्या चित्रपटांचा अपवाद तो करतो, हे मजकुरात गाळलं जातं. गेमच्या बाबतीत तर उलटा, वाढीकडे झुकणारा आकडा आला, पण त्याभोवतीची चूक-मर्यादा फार मोठी होती. पुरावा न सापडणं आणि परिणाम नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि हा आकडा लोकांच्या एकूण गेम-खरेदीचा आहे. क्रॅक खेळून चटक लागलेल्याने पुढे एखादा मोठा गाजलेला गेम विकत घेतला, तर सरासरी वाढेल. ज्याच्या गेममुळे चटक लागली त्या छोट्या स्टुडिओच्या खात्यात त्यातला रुपयाही येणार नाही.

‘फुकट जाहिरात मिळते.’ तोंडी प्रसिद्धीचा फायदा होतो, नाकारत नाही. पण छोटा गेम आज लोकांना दिसतो तो मुख्यतः दुकानात, आणि स्टीमवर परीक्षण लिहिता येतं ते खात्यात गेम असणाऱ्यालाच. दहा परीक्षणं जमेपर्यंत तिथे गेमला खेळाडूंच्या एकूण मताचा शेराही मिळत नाही. क्रॅक खेळून भारावलेल्या शंभर जणांचं कौतुक तिथे नोंदलंच जात नाही.

‘डेव्हलपरच म्हणतात, पायरेट करा.’ पोलंडच्या अ‍ॅसिड विझार्ड स्टुडिओने 2017मध्ये ‘डार्कवुड’ हा आपला गेम स्वतः पायरेट बे या टोरंटच्या संकेतस्थळावर ठेवला, हे खरं. का ठेवला तेही वाचावं. फसवून मिळवलेल्या कोडचा व्यापार करणाऱ्या संकेतस्थळांवरून घेण्यापेक्षा हा सुरक्षित टोरंट घ्या, आवडला तर पुढे कधीतरी, सवलतीत का होईना, विकत घ्या, अशी त्यांची विनंती होती. आपल्या आंब्याखाली पाटी लावून मालकाने ‘हवे तितके न्या’ म्हणावं आणि त्याच्या दाखल्यावर आपण शेजारच्या झाडावर चढावं, असं चाललंय. परवानगी देणं हा बनवणाऱ्याचा अधिकार आहे. एकाने ती दिली म्हणून बाकीच्यांची गृहीत धरता येत नाही.

‘विकत घेणं म्हणजे मालकी नाही.’ या मुद्द्यावर माझा राग तुमच्याइतकाच आहे. 31 मार्च 2024 रोजी युबिसॉफ्ट या मोठ्या कंपनीने ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजलेल्यांकडे काही उरलं नाही. हा ग्राहकांवरचा अन्याय आहे, त्यावर कायदा हवा. पण वड्याचं तेल वांग्यावर कशाला? इच.आयओ आणि जीओजी या ऑनलाइन दुकानांवर असंख्य छोटे गेम कुलपाशिवाय मिळतात. फाइल तुमच्या डिस्कवर राहते, दुकान बुडालं तरी चालते. ज्यांनी तुमच्यावर विश्वास टाकून कुलूप लावलंच नाही, त्यांचाच गेम सर्वांत सहज उचलला जातो.

राहतो तो पैशाचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. कार्ड नाही, दर डॉलरमध्ये, पॉकेटमनी शंभर रुपये, ही अडचण माझ्या पिढीने भोगली आहे. 2015पासून स्टीमवर रुपयांत किंमती आहेत, आता यूपीआयही चालतं. तरी आजही काही डेव्हलपर भारतासाठी वेगळी किंमत ठरवत नाहीत आणि महिन्याचं बजेट एका गेममध्ये संपतं. अशा वेळी बनवणाऱ्याला सरळ लिहावं, की इथे ही किंमत जड जाते. छोट्या स्टुडिओत ते पत्र बहुधा गेम बनवणाराच वाचतो. तोवर डेमो खेळा, विशलिस्टमध्ये टाका. त्याला एक पैसा लागत नाही, आणि सवलत लागली की स्टीम स्वतःहून तुम्हाला कळवतं.