मासे खाणाऱ्या पोरांना तपासणी कशाला?

गणपतीत गावी आलेल्या कुणा चाकरमान्याने वाडीच्या ग्रुपवर टाकलेला मजकूर अजून फिरतोय. ‘कोकणातली पोरं म्हावरं-भात खाऊन, घाट्या चढून मुळातच टणक. शाळेतली आरोग्य तपासणी म्हणजे वजन-उंचीचे कागद रंगवणं. आमच्या वेळी ही थेरं नव्हती, तरी आम्ही काही मेलो नाही. आता तर म्हणे मनाचंही आरोग्य!’ खाली २२ अंगठे. दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या शाळेत शिकवते, म्हणून बोलते.

म्हावरं चांगलंच, वाद नाही. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद. एरवीही तुकडा कोणाच्या ताटात पडतो नि नुसतं कालवण कोणाच्या, हे घरातल्या बायकांना विचारा. सकाळी चहा-भाकरी, तो चहा भाकरीतलं लोह अंगी लागू देत नाही. वर अनवाणी पाय. अंकुशकृमीची अळी ओल्या मातीतून तळपायात शिरते आणि पुढे आतड्याला चिकटून रक्त पिते. आमच्या परसात ओल किती महिने असते, ते तुम्हीच मोजा. म्हणून जंताची गोळी, म्हणून आठवड्याची लोहाची गोळी. बारा ते चौदा वर्षांच्या पोराचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, आणि ते नुसतं तोंडाकडे बघून कळत नाही.

‘वजन-उंचीचे कागद’ म्हणणाऱ्यांनी तपासणीच्या दिवशी पडवीत येऊन उभं राहावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. जन्मतः असलेलं व्यंग, कमतरता, आजार, वाढीतला उशीर, सगळं त्यात बघायचं असतं. मी डोळ्यांचंच सांगते. तक्ता वीस फुटांवर लागतो. वर्गात तेवढी जागा नाही, म्हणून पडवीत टांगतो. पोरं एक डोळा बोटांनी झाकतात आणि फटीतून दुसऱ्यानेही बघतात. तळवा लावायला सांगितला की खरं बाहेर येतं. पाचवीतला एक मुलगा पहिल्या ओळीनंतर गप्प. त्याच्या वहीत फळ्यावरचा एक शब्द चुकलेला नसायचा, कारण तो सगळं शेजारच्याच्या वहीतून उतरवायचा. शेजारचा गैरहजर असला की वही कोरी. आम्ही त्याला आळशी म्हणत होतो. मीसुद्धा.

‘आमच्या वेळी’चं उत्तर त्यातच आलं. तुमच्या वर्गातले मागच्या बाकावरचे ‘ढ’ आठवा. त्यातल्या किती जणांना चष्मा हवा होता, हे कोणी बघितलंच नाही.

मनाच्या आरोग्याला हसणाऱ्यांना एवढंच: बाप महिनोन् महिने बोटीवर आणि पोराचं दर सोमवारी पोट दुखतं, तिथे जंताच्या गोळीने भागत नाही.

आता मजकुरातलं जे खरं आहे ते. कागद रंगतात. आमच्या काट्याची सुई रिकामी असतानाही दीड किलोवर थांबायची. दोन वर्षं कोणी बोललं नाही. त्याहून वाईट म्हणजे चिठ्ठी. पथक लिहून जातं, ‘वरच्या दवाखान्यात दाखवा’. एसटी दिवसाला दोन. आई मासळी सुकवायला जाते, तिचा रोज बुडतो. चिठ्ठी दप्तरात चुरगळते आणि पुढच्या वर्षी तेच पथक त्याच पोराला तीच चिठ्ठी देतं. म्हणून आम्ही चिठ्ठ्यांची वेगळी वही केली. चार-पाच पोरं एका दिवशी एका पालकाबरोबर पाठवतो, आल्यावर वहीत नोंद. त्या मुलाचा चष्मा असाच आला. त्याने आधी फळा वाचला नाही, खिडकीतून धक्क्यावरच्या बोटींचे नंबर वाचून दाखवले.

तरी यंदाच्या सात चिठ्ठ्या अजून तशाच आहेत. अंगठे देणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या गाड्या मे महिन्यात इथे दारात उभ्या असतात. दवाखाना तालुक्याला आहे. चिठ्ठ्या माझ्या कपाटात आहेत.