काचेत तेल दिसत नाही म्हणून लगेच ओतू नका

कोल्ड स्टोरेज आणि फ्रीझर सांभाळणाऱ्या आपल्या मेस्त्रींच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात तीन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्यात. कम्प्रेसरच्या साइट ग्लासमध्ये, म्हणजे तेलाची पातळी दाखवणाऱ्या काचेत, तेल दिसेनासं झालं की ओता. रॅकमधल्या, म्हणजे एकत्र जोडून चालवलेल्या, कम्प्रेसरांचे क्रँककेस (तळाची तेल साठणारी पेटी) एका पाइपने जोडले की तेल आपोआप समान राहतं. गॅसमधून तेल वेगळं करणारा ऑइल सेपरेटर असला की तेल पुढे जातच नाही. मी फोंड्याचा, आणि माझं बरंचसं काम मासळीच्या फ्रीझरांवर चालतं. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि पहिली तर मशीनच्या जिवावर उठणारी आहे.

काचेत दिसत नाही म्हणजे तेल संपलं असं नव्हे. बाहेर कुठे तेलकट डाग नसेल तर ते सिस्टममध्येच आहे, फक्त परत आलेलं नाही. गोव्यात याची वेळसुद्धा ठरलेली आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी. मालीमला, कुटबणला ट्रॉलर उभे, प्लांटात माल नाही, मग तीनपैकी एकच कम्प्रेसर चालतो. सक्शन लाइनमधलं, म्हणजे कम्प्रेसरकडे गॅस परत आणणाऱ्या पाइपातलं, तेल गॅसच्या वेगावर परत येतं. आडव्या पाइपात सेकंदाला साधारण 4 मीटर आणि उभ्या पाइपात, म्हणजे रायझरमध्ये, 8 मीटर वेग आम्ही धरतो. तिन्ही कम्प्रेसर चालू असताना रायझरमध्ये 9 मीटर मिळत असेल, तर एकावर 3 उरतो. तेवढ्याने तेल वर चढत नाही. ते इव्हॅपोरेटरच्या (थंडावा देणाऱ्या कॉइलच्या) तळाशी आणि ट्रॅपमध्ये (पाइपाच्या खालच्या वळणात) बसून राहतं, आणि थंडीने घट्ट होतं ते वेगळंच.

दक्षिण गोव्यातल्या एका प्लांटात बंदीच्या दिवसांत थोडं थोडं करून 6 लिटर तेल ओतलं गेलं होतं. बंदी उठली, तिन्ही कम्प्रेसर लागले आणि अडकलेलं तेल लोंढ्यासारखं परत आलं. मी पोचलो तेव्हा दोन नंबरचा कम्प्रेसर बंद पडला होता. हेड उघडलं. व्हॉल्व्हच्या पातळ पट्टीचे दोन तुकडे, आणि पिस्टनच्या माथ्यावर त्यांनीच पाडलेला ओरखडा. "भाऊ, मी रोज काच बघूनच टाकत होतो," ऑपरेटर म्हणाला. तो खरंच रोज बघत होता. त्याला शिकवलंच तसं होतं, आणि म्हणून मला या मेसेजचा राग येतो.

डबा उघडण्याआधी किती कम्प्रेसर चालू आहेत ते बघा. डीफ्रॉस्ट (कॉइलवरचा बर्फ वितळवणं) होऊ द्या, गरम झालेलं तेल पातळ होऊन सुटतं, मग काच पुन्हा बघा. फेस दिसत असेल तर तेलात लिक्विड गॅस मिसळतोय. तिथे क्रँककेस हीटर आणि सुपरहीट (परत येणारा गॅस उकळबिंदूच्या किती अंश वर आहे ते) तपासायचं, तेल ओतून काही होत नाही. आणि पीओई (पॉलिओल एस्टर, कृत्रिम) तेलाचा डबा पावसाळ्यात उघडा ठेवू नका, ते हवेतली ओल ओढून घेतं.

आता जोडपाइप. सारख्या मॉडेलचे, एकाच पातळीवरचे दोन कम्प्रेसर असतील, तेलाच्या पाइपासोबत वरून गॅसचाही जाड पाइप असेल, तर तो चालतो, हे मान्य. पण चालू आणि बंद क्रँककेसमधल्या दाबात फक्त 1 किलोपास्कल फरक पडला तरी तेलाच्या पातळीत सुमारे 11 सेंटीमीटरचा फरक पडतो. साइट ग्लास तर जेमतेम तीन-चार सेंटीमीटरची. म्हणजे एक कम्प्रेसर कोरडा, दुसरा तुडुंब. वेगवेगळ्या मापाच्या रॅकला प्रत्येक कम्प्रेसरवर तेलाची पातळी राखणारा स्वतंत्र ऑइल रेग्युलेटर हवा, आणि रिझर्व्हरचा (तेलाच्या साठवण टाकीचा) दाब सक्शनपेक्षा थोडा जास्त ठेवणारा व्हॉल्व्हही.

सेपरेटरचं एका हिशेबात कळतं. समजा कम्प्रेसर तासाला 100 मिली तेल बाहेर फेकतो आणि सेपरेटर त्यातलं 98 टक्के पकडतो. उरलेलं 2 मिली पुढे जातं. चोवीस तास चाललं तर महिन्याला जवळजवळ दीड लिटर.

त्या प्लांटात आम्ही जादा तेल काढलं आणि रायझर दुहेरी केला, एक बारीक, एक जाड, मधे ट्रॅप. लोड कमी झाला की ट्रॅप तेलाने भरतो, जाड पाइप बंद होतो आणि सगळा गॅस बारीक पाइपातून वेगाने वर जातो. पुढच्या बंदीत तिथे एकच कम्प्रेसर चालत होता, आणि काच अर्धी भरलेली होती.